आळीचा एकच नंबर

माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल लिहायचं, तर आधी माझ्या नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागते. मांडते. त्यांना विचारूनच मांडते आहे. "लिव्ह की. पर टायर चांगलं घ्येतलं व्हतं, तेबी लिव्ह," असं ते म्हणाले. तर टायर चांगले होते.

जाऊबाईंचं नाव यशोधरा. मी त्यांना ताई म्हणते. आमचं गाव कुरवंडे, लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, नागफणीच्या वाटेवर. रविवारी मुंबई-पुण्याची पोरं पाठीवर पिशव्या टाकून आमच्या दारावरून डोंगर चढायला जातात आणि "आंटी, पानी मिलेगा?" विचारतात. विहाराच्या मागे आमची आळी आणि आळीत आमची दोन घरं, मध्ये एकच भिंत. पलीकडे ताई, त्यांचे मालक रतन भाऊ आणि लेक चैताली. अलीकडे मी, माधवी, आणि माझे मालक सुहास. रतन भाऊ रेल्वेत ट्रॅकमन आहेत, सुहासची रिक्षा आहे. सासूबाई विठाबाई दोन्ही घरांच्या. ज्या घरात कालवण बरं असेल तिथं त्या जेवतात.

ताई माहेरच्या कामशेतच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि वर्षाच्या आत बंगल्यावर स्वयंपाकाला जाऊ लागल्या. शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्यानं देतात, तसला बंगला. वीस-पंचवीस माणसांचं चिकन, भाकरी, ठेचा, सकाळी पोहे. सुरुवातीला पगाराचं पाकीट न उघडता सासूबाईंच्या हातात जायचं. पुढं बँकेत खाती निघाली, ताईंच्या नावानं कार्ड आलं आणि ते रतन भाऊंच्या खिशात जाऊन बसलं. कुणी हिसकावून घेतलं नाही. "तुज्याकडनं हरवंल," असं भाऊ म्हणाले आणि ताईंनी दिलं. सात वर्षं त्या बाईनं चुलीसमोर घाम गाळला, पण एकदाही स्वतःच्या हातानं मशीनमध्ये कार्ड घातलं नाही.

मग भाचीचं लग्न निघालं. तिच्यासाठी एक साडी घ्यावी असं ताईंच्या मनात होतं. रतन भाऊंकडे पैसे मागितले, त्यांनी दिले, कुरकुरसुद्धा केली नाही. पण दुपारी भांडी घासता घासता ताई मला म्हणाल्या, "दिलं गं त्यांनी. न्हाई म्हनलं न्हाई. पर माजंच पैसं मागताना माजा आवाज बारीक झाला. मला माजा आवाज वळखू आला न्हाई." मी गप्प बसले, कारण माझं कार्डही सुहासच्याच खिशात असायचं. दुसऱ्या दिवशी ताईंनी आपलं कार्ड भाऊंकडून मागून घेतलं. आणि चैतालीचा आवाज कधी बारीक होऊ द्यायचा नाही, हेही त्याच दिवशी पक्कं केलं.

चैताली दहावीत गेली त्या जूनमध्ये ताईंनी अंगणात सगळ्यांना ऐकवलं, "चैतालीचं खातं काडलंय. कार्ड तिच्याच हातात ऱ्हाईल. म्हैन्याच्या एक तारखंला तिचा खर्च तिच्या खात्यात टाकनार. रिक्षाचं भाडं, वह्या, फोनचं रिचार्ज, तिचं बायकी सामान, समदं तिनं बगायचं. संपलं तर संपलं."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पंद्रा वर्साची पोर ती! वाया घालवशील."

"दहावी तरी हून जाऊ दे," रतन भाऊ म्हणाले.

आमचे मालक हसले. "वैनी, आता पोरीला चैताली न्हाई म्हनायचं, चैतालीशेठ म्हनायचं."

ताई कुणावर चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं, कारण चिडलेल्या माणसाची समजूत घालता येते. त्या फक्त म्हणाल्या, "हिला भाकरी थापायला कवा शिकवली? धाव्या वर्सी. हात भाजला व्हता. म्हनून कुनी हिच्याफुडचा तवा उचलून न्हेला का?"

कुणी नेला नव्हता. विषय तिथंच संपला.

आता आमच्या आळीची एक रीत सांगायला हवी. कुरवंड्यात पैसे काढायचं मशीन नाही, त्यासाठी खाली लोणावळ्यात जावं लागतं. सुहास रोज खाली जाणार. त्यामुळे आळीतल्या म्हाताऱ्या सकाळी त्यांच्याकडे आपापलं कार्ड देतात. मुक्ताबाईंची पेन्शन, सरूबाईंचे निराधारचे पैसे. सात-आठ कार्डं रबर लावून सुहासच्या वरच्या खिशात असतात आणि संध्याकाळी कार्ड, पैसे आणि पावती घरोघर पोचते. इतक्या वर्षांत एक रुपया कमी आला नाही. एवढं मी नवऱ्याच्या बाजूनं छातीठोकपणे सांगते.

नंबर लक्षात ठेवायची त्यांना कधी गरज पडली नाही, कारण आळीतल्या सगळ्या कार्डांचा नंबर एकच. एक, चार, शून्य, चार. चौदा एप्रिल, जयंतीची तारीख. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. मशीननं चार आकडे मागितले, की आमच्या माणसाला दुसरे चार आकडे सुचतच नाहीत. विसरायची भीती नाही, लिहून ठेवायची भानगड नाही. खरं सांगायचं तर आम्हाला त्याचा अभिमानच वाटायचा.

चैतालीच्या कार्डाचा नंबर टाकायला ताई, चैताली आणि मी सुहासच्या रिक्षातून गेलो. चौघंही त्या काचेच्या खोलीत घुसलो. पोरगी पडद्यासमोर विचार करत थांबली, तर मागून सुहास म्हणाले, "अगं बगतीस काय? चौदा-चार टाक." तिनं टाकलं. ताई शेजारीच होत्या, काही बोलल्या नाहीत. ती चूक आपली, असं त्या आजही म्हणतात.

पहिल्याच महिन्यात पोरीनं दिवे लावले. मैत्रिणीचा वाढदिवस, मग दुसऱ्या मैत्रिणीचा, मग उगीचच पाच जणींना आइस्क्रीम. वीस तारखेला खात्यात काही उरलं नाही आणि शाळेत जायला रिक्षाचं भाडं नाही. तिला वाटलं आई देईल. मलाही वाटलं. ताईंनी दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, डबा भरून, त्या स्वतः तिच्याबरोबर पायी निघाल्या. पाऊस मुसळधार. दोघी मायलेकी रेनकोट घालून पाच-सहा किलोमीटर उतरल्या. असं दहा दिवस चाललं. मधूनच सुहासची रिक्षा मागून यायची. "वैनी, बसा की, घरचीच गाडी हाय!" असं ते ओरडायचे. ताई हात हलवून म्हणायच्या, "भावजी, फुडं जावा." सासूबाईंनी त्या दहा दिवसांत ताईंना जे जे म्हटलं, ते मी लिहीत नाही.

पुढच्या महिन्यात पोरगी शहाणी झाली. ऑगस्टपासून महिनाअखेरीला खात्यात थोडं थोडं उरायला लागलं. काय उरलं हे ती कुणाला सांगत नसे आणि ताई विचारत नसत. कार्ड ती घरात फळीवरच्या आपल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

जानेवारीत तिला फळ्यावरचं दिसेना. बाईंनी पहिल्या बाकावर आणून बसवलं, तरी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेई. तपासलं, चष्मा लागला. सासूबाईंना लगेच तिच्या लग्नाची काळजी पडली. ताई चैतालीला म्हणाल्या, "निम्मं पैसं मी टाकते, निम्मं तुजं. दुकान तू बग, फ्रेम तू बग." पोरगी तीन दुकानं फिरली, एका दुकानदाराशी दोन दिवस घासाघीस केली आणि निळी फ्रेम अठराशेला ठरवून आली. एवढी ऐट मी तिच्या चेहऱ्यावर आधी पाहिली नव्हती. परीक्षा महिन्यावर आली होती, सराव पेपर सुरू होते. बुधवारी शाळा सुटल्यावर चष्मा आणायचा होता.

बुधवारी संध्याकाळी ती चष्म्याशिवाय परत आली. दुकानात कार्ड चाललं नव्हतं. खात्यात पुरेसे पैसेच नव्हते. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर दुकानदार म्हणाला होता, "बेटा, घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन ये."

अंगणात सगळे जमले. सासूबाई म्हणाल्या, "मी काय सांगत व्हते? उडवलं आसंल कुटंतरी."

"मी नाही काढले, आजी," चैताली म्हणाली. पण तिला स्वतःचीच खात्री वाटत नसावी असं ते ऐकू आलं. आवाज बारीक झाला होता.

रतन भाऊंनी हात पुढं केला. "दे हिकडं त्ये कार्ड. झालं शिकून."

आणि पोरीनं दप्तरातून कार्ड काढून पुढं केलंसुद्धा. ताईंनी मधेच तिचं मनगट धरलं.

"आत ठेव," त्या म्हणाल्या.

"अगं पर..."

"आत ठेव म्हनते. आदी पैसं कुटं ग्येलं त्ये बगू. कार्ड हिच्याकडनं कुनी घ्यायचं न्हाई. तुमीबी न्हाई, मीबी न्हाई."

पैसे निघाले की बँकेचा मेसेज येतो. पण खातं काढताना फॉर्मवर रतन भाऊंचा फोन नंबर लिहिला होता, आणि भाऊंच्या फोनमध्ये न वाचलेले मेसेज हजारावर असतील. चैतालीनं त्यांचा फोन घेतला, अगदी नाकाला लावला आणि एकेक मेसेज मागं सारत गेली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"सोमवारी," ती म्हणाली. "दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. लोणावळा स्टेशनजवळचं एटीएम. अडीच हजार." मग मान वर करून म्हणाली, "सोमवारी बारा वाजता माझा गणिताचा पेपर होता. कार्ड घरी डब्यात होतं."

"बँकेचंच कायतरी चुकलं आसंल," रतन भाऊ पुटपुटले.

मी आमच्या दारात उभी होते, हात पिठानं भरलेले. सोमवारी संध्याकाळी सुहास नवे टायर टाकून आले होते. "पैसे कुठून आणलेत?" मी विचारलं होतं. "झाली सोय," म्हणाले होते. आता ते अंगणाच्या कडेला रिक्षापाशी उभे होते आणि मान खाली घालून त्या टायरकडेच बघत होते. तोंड उघडायचं नाव नाही. मला इतका संताप आला, की पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले.

"तुम्ही सांगताय का मी सांगू?" मी म्हणाले.

सुहासनं मान वर केली. "वैनी, तसं न्हाई काय. मागचं टायर पार गुळगुळीत झालं व्हतं. पोरं बसवून घाटात न्यायची म्हंजी... ह्या रविवारी टुरिस्ट झालं की सोमवारी परत टाकनारच व्हतो. कुनाला कळायच्या आदी. डब्यात कार्ड दिसलं, म्हनलं घरातलंच पैसं हाय. कार्ड सांच्याला परत ठेवलंबी."

मला माहीत आहे, ते खोटं बोलत नव्हते. सोमवारी टाकले असते. आपण चोरी केली असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, आणि मला राग त्याचाच जास्त आला.

ताईंनी शांतपणे विचारलं, "भावजी, मुक्ताबाईचं कार्ड तुमच्या खिशात आसतं. टायर घ्यायला तिच्या कार्डातनं काडलं आसतं का?"

"छ्या!" सुहास एकदम उसळले. "तिनं सांगितल्याबिगार? तिचं पैसं हायती ते!"

"मग हिचं कसं काडलं?"

सुहासचा हात वरच्या खिशातल्या गठ्ठ्यावर गेला. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे आता. चुलताच हाय. सुहास, वैनीकडं द्यून टाक पैसं."

"माज्याकडं न्हाई," ताई म्हणाल्या. "जिचं पैसं हायती तिला विचारा."

जयंतीच्या मिरवणुकीत सुहासनं या पोरीला खांद्यावर बसवून गावभर फिरवलेलं आहे. तिच्यासमोर येऊन उभं राहायला त्यांना वेळ लागला. मी त्यांना मदत केली नाही. शेवटी म्हणाले, "चुकलं माजं, चैताली. सोमवारपतुर थांबशील का?"

मला वाटलं, काकाचा पडलेला चेहरा बघून ती आता "असू दे" म्हणणार. आमच्या घरातल्या बायका असंच म्हणत आल्या आहेत.

"नाही, काका," ती म्हणाली. "शुक्रवारी मॅडम भूमितीच्या आकृत्या फळ्यावर काढून समजावणार आहेत. मला उद्या चष्मा पाहिजे. उद्याच द्या. आणि इथून पुढं मला विचारल्याशिवाय माझ्या डब्याला हात लावू नका."

आवाज कसा म्हणाल, तर विहारात वंदना म्हणताना असतो तसा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. ताईंनी लेकीकडे पाहिलं आणि चटकन पदर डोळ्यांना लावला. मी माझ्या डब्यातून पैसे आणायला वळले, तर ताईंनी मला अडवलं. "तू न्हाई. भावजी बगतील."

भावजींनी बघितलं. स्टँडवरच्या दोस्ताकडून उसने घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चैतालीच्या खात्यात भरले. तिची शाळा सुटल्यावर आम्ही सगळे परत त्याच काचेच्या खोलीसमोर आलो. ताईंनी रिक्षातच सांगितलं होतं, की आज आधी नंबर बदलायचा आणि मग चष्मा.

सवयीनं सगळे आत घुसायला लागलो. चैताली दारात आडवी उभी राहिली. "काका, तुम्ही बाहेर. काकी, तू पण." मग जरा थांबून म्हणाली, "आई, तूसुद्धा."

ताई बाहेर आल्या. काचेतून दिसेल म्हणून मशीनकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मीही राहिले. सुहास तर थेट पानाच्या टपरीपर्यंत लांब गेले.

पोरगी बाहेर आली तशी ताईंनी विचारलं, "काय ठेवलास गं?" मुद्दाम नाही, आपलं तोंडातून निघून गेलं. आमच्या आळीत असलं कधी कुणी लपवलं आहे का?

"नाही सांगणार," चैताली म्हणाली.

सुहासनं लांबूनच जीभ चावली. मला वाटलं ताईंना लागलं असेल. पण त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. "बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगतीस?"

मग त्यांनी पिशवीतून स्वतःचं कार्ड काढलं. "थांबा जरा. तुमीबी समदी बाहीरच थांबा." आणि एकट्या आत गेल्या. मशीननं त्यांना दोनदा परत पाठवलं. बाहेर पाच माणसांची रांग लागली, एक जण घड्याळ दाखवायला लागला. त्याला मी म्हटलं, "दादा, बाईंना वीस वर्षं लागलीत इथवर यायला, तुमची पाच मिनिटं गेली तर काय बिघडलं?" ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. पण चेहरा फुलला होता.

मी सुहाससमोर हात पसरला. त्यांनी खिशातल्या गठ्ठ्याचं रबर काढलं आणि माझं कार्ड माझ्या हातावर ठेवलं. मी आत गेले.

चष्म्याच्या दुकानात चैतालीनं मशीनवर डाव्या हाताचा आडोसा धरून आकडे दाबले. दुकानदारानं तिच्यामागे मोठं माणूस कोण, हे बघायला मान वर केली, तर आम्ही तिघं पायरीवरच उभे. निळी फ्रेम डोळ्यांवर चढवून ती बाहेर आली आणि कुरवंड्यापर्यंत प्रत्येक दुकानाची पाटी, प्रत्येक गाडीचा नंबर मोठ्यानं वाचत आली. शेवटी ताई म्हणाल्या, "आता बास कर, डोकं उठलं." पण हसत म्हणाल्या.

फॉर्मवरचा फोन नंबर बदलायला पुन्हा बँकेत जावं लागलं, ते झालं सोमवारी. मुक्ताबाई आणि सरूबाई आपलं कार्ड सुहासकडेच देतात, कारण त्यांचा सुहासवर विश्वास आहे आणि तो त्यांचा प्रश्न आहे. सुहास मात्र आता प्रत्येकीला "आज किती काडू?" असं दोनदोनदा विचारतात. मला माझ्या कार्डाचा नंबर त्यांनी अजून विचारलेला नाही. विचारायचा धीर होत नसावा.

रतन भाऊंना तो धीर झाला होता. नंबर बदलले त्याच संध्याकाळी भाऊ ड्यूटीवरून आले. त्यांनी लेकीचा चष्मा हातात घेऊन बघितला, चांगला आहे म्हणाले. मग पाय धुऊन जेवायला बसले आणि ताईंना सहज विचारावं तसं विचारलं, "तुज्या कार्डाचा नंबर काय ठेवलास? न्हाई, अडीनडीला आपला ठावं आसलेला बरा."

भांड्यांचा आवाज थांबला. मी भिंतीच्या इकडे चुलीपाशी होते.

"अडीनडीला मला हाक मारा," ताई म्हणाल्या. "मी हितंच हाय."

मधल्या भिंतीतून मला शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला.